काळपट आलेला फोटो उजळताना चेहरा पांढराफटक का पडतो?

तुम्ही लिहिलंय की खिडकीपाशी बसलेल्या आजींचा फोटो काळपट आला. ब्राइटनेस वाढवला तर चेहरा पांढराफटक पडला, काळा स्वेटर राखाडी दिसायला लागला आणि खिडकी नुसती पांढरी झाली. हा फोटो पुन्हा काढता येणार नाही, हेही तुम्ही लिहिलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बऱ्याच साध्या ॲपमध्ये ब्राइटनेस वाढवला की फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यात साधारण सारखीच भर पडते. जेपेग फोटोत लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग 0 ते 255 या आकड्यांत मोजतात. समजा स्वेटर 10 वर आहे, खिडकी 240 वर, आणि गालावर लाल 90, हिरवा 60, निळा 45 आहे. सगळ्यांत 60 मिळवा. स्वेटर 70 वर गेला, म्हणजे राखाडी झाला. खिडकी 300 व्हायला हवी होती, पण 255 च्या पुढे जागाच नाही, त्यामुळे तिच्यातलं सगळं पुसलं गेलं. गालाचे झाले 150, 120, 105. आधी लाल निळ्याच्या दुप्पट होता, आता दीडपटही उरला नाही. चेहऱ्यावरची रया जाते ती इथे.

तेव्हा ब्राइटनेसला हात लावू नका. लेव्हल्स नावाचं साधन उघडा. फोटोशॉपमध्ये आहे, फुकटच्या गिम्पमध्येही आहे. हिस्टोग्रामखाली, म्हणजे फोटोत गडद-उजळ ठिपके किती आहेत ते दाखवणाऱ्या आलेखाखाली, तीन त्रिकोण दिसतील. त्यातला मधला डावीकडे सरकवा आणि त्याचा आकडा 1 वरून 1.5 पर्यंत न्या. आता 60 चे सुमारे 97 होतात, पण 240 चे फक्त 245. 0 आणि 255 जागचे हलत नाहीत, सगळी उचल मधल्या भागाला मिळते. स्वेटरचे 10 मात्र 29 होतात, म्हणून डावीकडचा काळा त्रिकोण किंचित उजवीकडे घ्या. स्वेटर परत काळा दिसला की थांबा. कर्व्हज, म्हणजे उजेड रेषा वाकवून बदलायचं साधन, वापरता येत असेल तर हेच आणखी नेमकेपणाने जमतं: खिडकीच्या उजेडाचा एक बिंदू जागेवर रोवून ठेवायचा आणि रेषा फक्त चेहऱ्याच्या पट्ट्यात वर उचलायची.

माझी स्वतःची पसंती मात्र लेयरला, म्हणजे फोटोवर फोटोचे थर रचून काम करायला आहे. मूळ लेयरची प्रत करा, तिचा मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळायची पद्धत, स्क्रीन करा. फोटो लगेच उजळतो. मग त्या प्रतीला मास्क (थराचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा) लावा आणि मोठ्या, मऊ कडांच्या काळ्या ब्रशने खिडकीवरची उजळणी पुसून टाका. ब्रश मऊच हवा, नाहीतर डोक्याभोवती प्रभावळ उमटते आणि फोटो कातरून चिकटवल्यासारखा दिसतो. उजेड जास्त वाटला तर त्या लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) कमी करा.

हे सगळं करण्याआधी एक शोधा: त्या फोटोची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, कुठे आहे का? असेल तर काम तिच्यावरच करा, जेपेग बाजूला ठेवा. जेपेगमध्ये एका रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16384. माझ्या वडिलांचा संध्याकाळच्या उजेडातला एक फोटो असाच काळवंडला होता. जेपेग उजळली तेव्हा त्यांच्या गडद कोटावर जांभळे-हिरवे डाग उठले. त्याच फोटोची रॉ डार्कटेबल या रॉ फाइली उघडायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन एक्स्पोजर (एकूण उजेड) दोन स्टॉप, म्हणजे चौपट, वाढवलं तर कोटाच्या कापडाची वीण दिसली, खिशावरची शिवणसुद्धा. मी बराच वेळ त्या शिवणीकडेच बघत बसले होते.

उजळल्यावर रवाळपणा दिसणारच. अंधाऱ्या भागावर मुळात प्रकाश कमी पडलेला असतो, आणि आपण तो थोडासा प्रकाश त्यातल्या खरखरीसकट मोठा करतो. नॉइज रिडक्शनमध्ये आधी रंगीत ठिपके घालवा, त्याने फारसं बिघडत नाही. उजेडाचा रवा थोडा राहू द्या. तो साफ घासून काढला की कातडी मेणासारखी दिसते आणि सुरकुत्या जातात. आजींच्या फोटोत सुरकुत्या जाऊन कसं चालेल?

जिथे तिन्ही आकडे 0 आहेत तिथे मात्र काहीच नाही, तिथून कुठलंही सॉफ्टवेअर काही परत आणत नाही. एआयची साधनं तो भाग भरून देतात, पण ते अंदाजाने रंगवलेलं असतं. भिंतीचा कोपरा असेल तर हरकत नाही. चेहऱ्यावर ते कृपा करून वापरू नका. डोळे छान चमकदार येतात, पण ते तुमच्या आजींचे नसतात.

मूळ फाइल जपून ठेवा, काम प्रतीवर करा. जेपेग बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी खराब होते, म्हणून काम संपेपर्यंत गिम्पच्या एक्ससीएफमध्ये किंवा फोटोशॉपच्या पीएसडीमध्ये ठेवा.

पुढच्या वेळी खिडकीपाशी फोटो काढताना फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा, कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) एक स्टॉप वाढवा. कॅमेरा खिडकीचा उजेड धरून हिशेब करतो आणि माणूस अंधारात जातो.

रंगीत डाग काही केल्या जात नसतील तर फोटो कृष्णधवल करून बघा. रंगच नसल्यावर डाग उरत नाहीत, उरलेला रवा जुन्या फिल्मसारखा वाटतो. आणि छापून घेणार असाल तर पडद्यावर ठीक वाटतो त्याहून थोडा अधिक उजळ ठेवा, कारण कागदाला पडद्यासारखा स्वतःचा उजेड नसतो. आधी एक लहान प्रत काढा, ती जिथे लावणार तिथल्या उजेडात धरून बघा, आणि मगच मोठी करायला द्या.