मलावीतल्या मिशन हॉस्पिटलात येण्याआधी

सलाम ताई,

तुम्ही नाशिकच्या, स्टाफ नर्स, मिस्टर इलेक्ट्रिशियन. दोन वर्षं आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या उत्तर भागात मिशनच्या एखाद्या खेड्यातल्या हॉस्पिटलात सेवा करायची इच्छा आहे आणि ‘तिथे आमचा काय उपयोग होईल?’ असं तुम्ही विचारलंत. मी इथे लॅबमध्ये काम करतो, संसारही इथेच आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

उपयोग नक्की होईल, पण आपण कोणाच्या हाताखाली येतोय हे आधी मनाशी पक्कं करा. स्कॉटिश मिशनऱ्यांनी लिव्हिंगस्टोनिया मिशन १८७५ साली मलावी सरोवराच्या दक्षिणेला केप मॅक्लिअर इथे सुरू केलं. हिवतापाने माणसं दगावली, म्हणून मुक्काम बांदावेला हलला आणि १८९४ मध्ये डॉ. रॉबर्ट लॉज यांनी तो वर पठारावर नेला. आज ते सगळं इथल्या सीसीएपी (चर्च ऑफ सेंट्रल आफ्रिका प्रेस्बिटेरियन) चर्चची लिव्हिंगस्टोनिया सिनड, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांची कारभारी सभा, बघते. पाळक, मेट्रन, हिशेबनीस सगळे इथलेच. देशातले बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत, रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) बसायला जागा मिळत नाही. सुवार्ता इथे केव्हाच पोचली आहे; कमी आहेत ते हात.

तुमच्या नाशिकच्या शरणपूरचं नाव मात्र इथे जरूर सांगा. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथल्या मिशनमध्ये शिकली. त्यांतला जेकब वेनराइट १८७३ मध्ये मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले तेव्हा सोबत होता; त्यांचं शव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तोही होता. नाशिकचं हे ऋणानुबंधाचं नातं मला फार मोलाचं वाटतं.

वॉर्डात तुम्हाला डॉक्टर क्वचित दिसेल. सिझेरियनसुद्धा बहुतेक वेळा क्लिनिकल ऑफिसर करतात. ते एमबीबीएस नसतात, पण त्यांचा हात सफाईदार असतो. पहिले काही महिने सुचवण्यापेक्षा बघण्यात घालवा. पेशंटचं जेवण, अंघोळ, कपडे हे सगळं घरचं माणूस करतं. त्याला इथे गार्डियन म्हणतात. आवारातच चूल मांडून ते राहतं. औषध कधी द्यायचं हे त्या गार्डियनला समजावता आलं तरच तुमची नर्सिंग पूर्ण झाली, आणि त्यासाठी इथली तुंबुका भाषा यायला हवी. इंग्रजीवर स्टाफरूम चालते, वॉर्ड नाही. हातमोजे कधीकधी संपतात, एचआयव्हीचं प्रमाण मोठं आहे. सुई टोचली तर लाजू नका, ताबडतोब कळवा. पीईपी (एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं) ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं.

मिस्टरांबद्दल तुम्ही ‘ते काय करतील’ असं लिहिलंत. मला तर त्यांचीच जास्त गरज वाटते! देणगीत आलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर धूळ आणि विजेच्या चढउतारांनी बंद पडतात आणि दुरुस्तीवाचून कोपऱ्यात पडून राहतात. व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे. सोलर आणि बॅटरीचं काम ते शिकून आले आणि इथल्या दोन तरुणांना शिकवून गेले, तर ते काम तुमच्यामागेही चालू राहील.

पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. जानेवारी ते मार्च हे उपासमारीचे महिने: जुना मका संपलेला, नवा शेतात उभा. कुपोषित लेकरं याच काळात येतात, मलेरियाही तेव्हाच भडकतो. लोक दाराशी येतील, मन कालवेल. पैसे हातावर ठेवू नका, मंडळीच्या वडीलजनांमार्फत द्या. खरी नड कुणाची हे त्यांना ठाऊक असतं. तुम्ही मात्र मच्छरदाणी आणि मलेरियाची प्रतिबंधक गोळी चुकवू नका. ताप आला की त्याच दिवशी टेस्ट करा, इथला फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार, थांबत नाही. सरोवरात लव्हाळ्यांजवळ उतरू नका, बिलहार्जिया (पाण्यातून कातडीवाटे शिरणाऱ्या जंतांचा रोग) होतो.

जेवण म्हणजे सिमा (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा), पालेभाजी, सुकी मासळी. डाळीची काळजी नको, दक्षिणेत तूर भरपूर पिकते. स्कर्ट गुडघ्याखाली हवा; वर चितेंजे (कमरेला गुंडाळायचं छापील कापड) गुंडाळलं की बाया जवळ घेतात.

मुलांच्या शाळेचं स्वतंत्र लिहीन, तो प्रश्न अवघड आहे.

सिनडच्या आरोग्य विभागाचं लेखी पत्र हातात येईपर्यंत नोकरी सोडू नका. मलावीच्या नर्सेस अँड मिडवाइव्हज कौन्सिलमध्ये नोंदणी आणि कामाचा परवाना दोन्ही लागतात. प्रमाणपत्रं साक्षांकित करायला आत्ताच टाका. विमान इथिओपियातल्या अदिस अबाबावरून असेल तर पीतज्वराची लस निघण्याच्या निदान १० दिवस आधी घ्या. आणि जमलं तर मे महिन्यात या: रस्ते सुकलेले असतात, घरात नवा मका आलेला असतो.