एआय आल्यावर विद्यापीठांच्या डिजिटल ग्रंथालयांचं पुढे काय होणार? ग्रंथपाल लागतील का?

लागतील. शोध सोपा होईल, सारांश क्षणात मिळेल, यात वाद नाही. पण ज्या मजकुरात शोधायचं तो ग्रंथालयाच्या ताब्यात आहे की भाड्याचा आहे, हे कुणीच विचारत नाही.

मी एका महाविद्यालयाची ग्रंथपाल होते. ग्रंथालय समितीतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांचा एकच धोशा असायचा, "आता सगळं ऑनलाइन आहे, नियतकालिकांचे जुने अंक काढून टाका." माझं म्हणणं होतं, वर्गणी संपल्यावरही जुने अंक वाचता येतील असं करारात लिहून घ्या, तोवर छापील अंकांना हात लावू नका. इतिवृत्तात माझा विरोध नोंदवलासुद्धा नाही. अंक रद्दीत गेले. पुढे अंदाजपत्रकाला कात्री लागली, वर्गणी भरायची राहिली आणि ऑनलाइन नियतकालिकांचा अख्खा संच बंद झाला. ज्या वर्षांचे पैसे आम्ही भरले होते, त्या वर्षांचे अंकही उघडेनात! प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणावर असलेली एक विद्यार्थिनी संदर्भ पडताळायला आली, तिला काय सांगणार? इतर ग्रंथालयांतल्या ओळखीच्या ग्रंथपालांना फोन करून एकेक लेख मिळवला. समितीतलं कुणी साधी चौकशी करायलाही फिरकलं नाही.

मोठमोठ्या ग्रंथालयांचंही हेच होतं. 2022 मध्ये वायली या प्रकाशनसंस्थेने ऐन सत्राच्या तोंडावर ग्रंथालयांसाठीच्या एका ई-पुस्तक संचातून 1,300 हून अधिक पुस्तकं काढून घेतली. ओरड झाली तेव्हा परत दिली, तीही काही महिन्यांपुरती. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांची विक्री बंद केली तेव्हा पैसे परत मिळाले, पण लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं गेलीच. नुसतं ताब्यात असूनही भागत नाही. ऑक्टोबर 2023 मधल्या सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीची ऑनलाइन तालिका, म्हणजे संग्रहात काय आहे हे शोधायची सूची, जानेवारी 2024 पर्यंत बंद होती.

म्हणून मला पुढची दिशा स्टॅनफर्डमध्ये सुरू झालेल्या 'लॉक्स'सारख्या कामात दिसते. त्यात अनेक ग्रंथालयं एकाच मजकुराच्या प्रती आपापल्याकडे ठेवतात, त्या आपसांत ताडून पाहतात आणि एखादी बिघडली तर दुसरीवरून दुरुस्त करतात. 1991 पासून चालू असलेलं 'अर्काइव्ह' (arXiv) हे संशोधन-लेखांचं ऑनलाइन भांडार तर संशोधकांनीच आपले लेख टाकून उभं केलंय, वाचायला वर्गणी लागत नाही. तुमच्या संस्थेनेही निदान स्वतःचे प्रबंध स्वतःच्या भांडारात ठेवावेत. आणि करारावर सही करण्याआधी तो ग्रंथपालाला वाचू द्यावा, प्राध्यापकांच्या बहुमतावर सोडू नये.

छोट्या महाविद्यालयांना स्वतःचा सर्व्हर झेपत नाही, हे खरं. त्यांनी चार जणांनी मिळून ठेवावा. रोज बदलणारी माहिती भाड्याने घेतली तरी बिघडत नाही. जुने अंक मात्र हक्क लेखी मिळाल्याशिवाय कुणीही, कितीही ज्येष्ठ असला तरी, हलवू नयेत.