जर्दाळूला लागणारी थंडी

प्रश्न : आमचे घर गुहागरजवळ, समुद्रापासून थोड्याच अंतरावर आहे. हिमाचल प्रदेशातील सोलनला नोकरीस असलेल्या भाच्याने जानेवारीत जर्दाळूचे एक कलम पाठवले. ही जात लवकर फळते व कडाक्याच्या थंडीतही तगते, असे त्याला रोपवाटिकेत सांगण्यात आले. पालवी छान फुटली आहे. परसात लावल्यास फळ धरेल का?

उत्तर : पालवी फुटली असली, तरी किनाऱ्यावर या झाडाला फळ धरण्याची आशा ठेवू नये, हे स्पष्टच सांगावे लागते. झाडाने थंडी सोसणे वेगळे आणि झाडाला थंडीची गरज असणे वेगळे. रोपवाटिकेने सांगितलेला गुण पहिल्या प्रकारचा आहे : पानगळ होऊन निद्रिस्त झालेले झाड शून्याखालच्या तापमानातही जगते, आणि लडाखसारख्या प्रदेशात त्याचे मोल फार मोठे आहे. परंतु ती निद्रा पुरी होऊन फुलोरा यावा, यासाठी जर्दाळूला हिवाळ्यात साधारण ७ अंश सेल्सिअसखालचे शेकडो तास मिळावे लागतात. कमी थंडीवर भागणाऱ्या जातींनाही अडीचशे-तीनशे तास लागतात. हापूसला मोहोर येण्यासाठी थंडी हवी, हे आपण जाणताच; मात्र त्याचे १५ अंशांच्या आसपासच्या काही रात्रींवर भागते आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तेवढ्या रात्रींचीही वाट पाहावी लागते. महाबळेश्वरच्या थंडीनेसुद्धा जर्दाळूची गरज भागणार नाही.

त्यात आपला पाऊस. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते, तेव्हा मुळाशी पाणी साचलेले न सोसणारे हे झाड कुजू लागते व खोडातून डिंक वाहतो.

भाच्याने मायेने पाठवलेले कलम फेकून द्यावे, असे आम्ही म्हणणार नाही. तळाला भोके असलेल्या मोठ्या कुंडीत ते लावून पावसाळ्यात पडवीत ठेवावे आणि हिवाळ्यात कोणी सोलनकडे जाणारे भेटल्यास परत पाठवावे. तेथे त्याला खरोखर फळे येतील.

परसातल्या त्या जागी कोकम लावावे, असे आम्ही आग्रहाने सुचवतो. आपल्याला लवकर येणारे फळ हवे असेल, तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात पाहावी. तिची बहुतेक फळे पावसाआधी हाती येतात, त्यामुळे आमसुले उन्हात नीट वाळतात. मात्र बियांपासून केलेल्या कोकमाच्या रोपांत जवळपास निम्मी नर निघतात व ते कळायला सहा-सात वर्षे जातात. म्हणून मादीचे कलमच घ्यावे, आणि शेजारपाजारी नर झाड आहे ना, याची आधी खात्री करावी.