पोचा की टेंगूळ?

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरला कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या जूनपासून गेमसाठी थ्रीडी मॉडेलिंग शिकतेय, ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये. व्हिडिओ लावून त्याच्या मागोमाग करत गेलं की तलवार, पेटी, सगळं जमतं. स्वतःचं काही करायला बसले की हात थांबतो. म्हणून या वेळी कुणाचं काही न बघता आजीचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब घेतला. दोन महिने लागले. मातीसारखा कोरून (स्कल्प्ट) झाला तेव्हा त्याच्या पृष्ठभागाचे १८ लाख त्रिकोण! डेसिमेट हे त्रिकोण आपोआप घटवणारं साधन मारून कमी केले तर पत्र्यावर काळे डाग यायला लागले. शेवटी लो पॉली, म्हणजे कमी त्रिकोणांचा बंब वेगळा बांधला आणि कोरलेले बारकावे नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उंचसखलपणाचा आभास देणाऱ्या चित्रात, बेक केले. ब्लेंडरमध्ये छान दिसतो, पण अनरीयल या गेम इंजिनात नेला की बंबाचे पोचे टेंगळांसारखे वर आलेले दिसतात. मित्र म्हणतो, आता अनरीयलमध्ये लाखो त्रिकोण स्वतःच सांभाळणारं नॅनाइट आहे, लो पॉलीची कटकट कशाला? घरचे म्हणतात, चित्रं काढणंच सोडलंस. माझी प्रगती होतेय का? सोबत चार चित्रं जोडली आहेत.

उत्तर : आधी टेंगळांचं मिटवू. नॉर्मल मॅपमधला हिरवा चॅनल वर-खालचा उतार सांगतो. ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स या पडद्यावर चित्र उमटवण्याच्या दोन पद्धती; ब्लेंडर तो ओपनजीएलच्या रीतीने लिहितो आणि अनरीयल डायरेक्टएक्सच्या रीतीने वाचतो. दोघांचं हिरवं एकमेकांच्या उलट, त्यामुळे उजेड वरून असला तरी खोलगट भाग फुगीर वाटतो. अनरीयलमध्ये ते टेक्स्चर उघड आणि ‘फ्लिप ग्रीन चॅनल’वर खूण कर. झालं. युनिटी या दुसऱ्या इंजिनात नेला असतास तर हा घोळ झालाच नसता. मी याच्यापायी एक अख्खी रात्र मॉडेल पुन्हा पुन्हा उलटंपालटं करण्यात घालवली आहे, तेव्हा लाजू नकोस. काळे डाग डेसिमेटचे. ते ढोबळ आकार राखून त्रिकोण कमी करतं, पण कडा पृष्ठभागावरून कशा ओघाने जातात याची फारशी पत्रास ठेवत नाही. मग लांबोडके, चिंचोळे त्रिकोण उरतात आणि त्यांच्यावर छटा फाटते.

आता तुझं चौथं चित्र, वायरफ्रेमचं, म्हणजे मॉडेलच्या नुसत्या कडांच्या जाळीचं. पहिली तीन मी एकदाच पाहिली, हे मात्र बराच वेळ बघत बसले. बंबाच्या सरळ पोटावर तू आडव्या तीसेक एज लूप, म्हणजे कडांची वेढी, घातल्यास. तिथे आकार कुठे वळतोय? वर एक, खाली एक, पुरे. आणि तोटीचा बाक, जो कडेने ठळक दिसतो, तो सहा कोनांवर भागवलास, म्हणून ती पेन्सिलीसारखी दिसते. पोटाला २४ बाजू ठेव, वाचलेलं तोटीला आणि कड्यांना दे. रिव्हेट नॉर्मल मॅपमध्ये जाऊ देत. पण काठाजवळचा मोठा पोचा बाह्यरेषा मोडतो, तो खरोखरच आत दाब. तीन हजार त्रिकोणांत हा बंब आरामात बसावा.

माझ्या पहिल्या नोकरीत मी बैलगाडीचा एकेक खिळा कोरला होता. आमच्या लीडने काही न बोलता गाडी खेळातल्या रस्त्याच्या पार टोकाला नेऊन ठेवली आणि विचारलं, “खिळे दाखव.” पेणला आमचा गणपतींचा कारखाना. मूर्तीच्या मागच्या बाजूला बाबा किती कमी काम करायचे आणि डोळ्यांच्या आखणीला किती वेळ द्यायचे, हे लहानपणापासून बघत आले होते मी. तरी खिळे कोरलेच.

नॅनाइटबद्दल मित्र खोटं बोलत नाही. अनरीयल ५ मध्ये ते २०२२ पासून आहे आणि १८ लाखांचा बंब ते गिळेलही. पण फोनवरच्या खेळात ते गृहीत धरता येत नाही, आणि आपल्याकडचा बराचसा गेम फोनवरच खेळला जातो. शिवाय यूव्ही उलगडणं, म्हणजे रंगवण्यासाठी पृष्ठभाग कागदासारखा सपाट पसरणं, नॅनाइटने चुकत नाही. आणि नोकरी देताना मी तरी आधी वायरफ्रेमच मागते.

काजळीचंही सांगते. तू ती काळा तांबा म्हणून रंगवलीस, मेटॅलिक, म्हणजे धातूपणाचा आकडा, सगळीकडे एक. काजळी म्हणजे धातू नव्हे. तिथे मेटॅलिक शून्यावर आण आणि रफनेस, म्हणजे खरखरीतपणा, वाढव. चिंचेने घासलेला भाग झळाळेल, पण कडीच्या मागे आजीचा हात पोचत नसणार, तिथे हिरवट कळकट उरलेलं असेल. बघून ये.

चित्रांचं म्हणशील, तर एलिमेंटरीच्या वस्तुचित्रात तांब्याच्या तोंडाचं लंबवर्तुळ चुकलं की तांब्या कलंडायचा, आठवतं? तुझ्या बंबाचं तोंड कलंडलेलं नाही. तो हात कुठे गेलेला नाही. वही मात्र उघडत नाहीस, हे घरच्यांचं खरं असावं, कारण दुसऱ्या चित्रात बंबाचं बूड मला सपाट बंद दिसतंय. मग मधल्या नळीतल्या विस्तवाला वारा कुठून लागणार? जाळीतून राख पडणार कुठे? दोन महिने तू बंब बाहेरून पाहिलास. मागोमाग जायला व्हिडिओ नव्हता, तरी तू दोन महिने टिकलीस. म्हणून प्रगती होतेय असं मी म्हणते, या बुडासकट.

आजीला म्हण, एकदा पेटव. पाणी तापेपर्यंत वही घेऊन शेजारी बस आणि खालून वाकून बघ. नव्या वायरफ्रेमचं चित्र पाठव, बाकीची नकोत.