दिवाळी करून निघावं की ऑगस्टात? मुलांच्या शाळेचं बघाल तर ऑगस्टातच या

तुम्ही विचारलंय की 2026 मध्ये नाशिकहून इथे कॅनडात, ऑन्टॅरिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला यायचं नक्की आहे, मुलगी तिसरीत आहे, धाकटा त्या डिसेंबरात चार पूर्ण करेल, तर ऑगस्टात यावं की गणपती, दसरा, दिवाळी घरच्यांबरोबर करून मग निवांत निघावं. सासूबाईंचं म्हणणं दिवाळी करूनच जा, आणि तिकीटही तेव्हा स्वस्त मिळतंय. मला विचाराल तर ऑगस्टात या, जमलं तर पहिल्याच आठवड्यात. का ते सविस्तर लिहिते कारण आम्ही नेमकं उलटं केलं होतं आणि त्याची किंमत माझ्या मुलाने मोजली, मी नाही.

आम्ही 2016 ला सांगलीहून आलो. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज सगळं केलं, चकलीचे डबे बॅगेत भरले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात उतरलो. मुलगा आठ वर्षांचा होता. त्याच रविवारी हिवाळ्यासाठी इथली सगळी घड्याळं एक तास मागे गेली आणि सोमवारपासून संध्याकाळी पाचलाच अंधार. फोटोत बघितलेली लाल केशरी झाडं कुठेच नव्हती, पानं सगळी गळून फुटपाथच्या कडेला भिजून काळी पडलेली. बेसमेंटचं घर, वरच्या बाजूला एक छोटी खिडकी, तिच्यातून लोकांचे फक्त बूट दिसायचे. लेकरू मला विचारायचं, आई इथे दुपारनंतर एकदम रात्र का होते?

शाळेने प्रवेश लगेच दिला, त्याबद्दल तक्रार नाही, इथे वर्षाच्या मधे कधीही या, मुलाला शाळा मिळतेच. पण सप्टेंबरात सुरू झालेला वर्ग नोव्हेंबरपर्यंत घट्ट बसलेला असतो हो. कोण कुणाशेजारी बसणार, रिसेसला कोण कुणाशी खेळणार, बसमध्ये कुणाची जागा कुठली, सगळं ठरलेलं. माझा मुलगा दोन महिने रिसेसला कुंपणाला टेकून उभा राहायचा आणि हे मला त्याने सांगितलं नाही, एक दिवस मी लायब्ररीकडे जाताना रस्त्यावरून मला दिसला. आणखी एक गोष्ट, शाळेत आत घालायचे बूट वेगळे लागतात हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, पहिल्या बर्फाच्या दिवशी तो दिवसभर ओल्या मोज्यांनी बसला होता. घरी आल्यावर त्याचे पाय हातात घेऊन मी रडले ते मला आजही आठवतं.

मग पुढचा सप्टेंबर आला. इथे लेबर डे म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा उघडते. तोच मुलगा, तीच शाळा, पण त्या मंगळवारी मैदानात बघितलं तर इथेच जन्मलेली गोरी, पंजाबी, जमैकन सगळी पोरं आईबापाचा हात धरून घाबरलेली, आपण कुठल्या वर्गात आलोय, टीचर कोण, जिवलग मित्र दुसऱ्या वर्गात गेला म्हणून कुणी रडतंय. दर वर्षी वर्ग मोडून नवे करतात ना इथे, शिवाय कधीकधी दोन इयत्ता मिळून एक वर्ग असतो. घरी येऊन मुलगा म्हणाला, आई आज सगळेच नवीन होते. तेवढ्या एका दिवसासाठी मी तुम्हाला ऑगस्टात या म्हणतेय. त्या दिवशी तुमची मुलगी एकटी नवीन नसेल.

आता 2026 चंच बघा. अधिक महिन्यामुळे सगळे सण पुढे गेलेत, गणपती 14 सप्टेंबरला आणि दिवाळी थेट 8 नोव्हेंबरला. म्हणजे दिवाळी करून याल तर नोव्हेंबरच्या मध्यावर उतराल, अंधार आणि थंडी दोन्ही वाढत असतात. आणि ऑगस्टात याल तर आठ-सव्वाआठपर्यंत उजेड असतो, संध्याकाळी पार्कात पोरं असतात आणि खरं सांगते, इथल्या ओळखी पार्कातच होतात, नोव्हेंबरात पार्क रिकामे पडतात मग शेजारी कोण राहतं हे एप्रिलपर्यंत कळत नाही. गणपती चुकतील हे खरंय. आम्ही दर वर्षी शाडूची छोटी मूर्ती बसवतो, शाळा असतेच, सकाळी साडेसातला आरती करून डबा घेऊन पळतात, पण मोदक होतात. दिवाळीलाही शाळेला सुट्टी नसते, आधी चिठ्ठी दिली तर सणासाठीची गैरहजेरी म्हणून धरतात.

फीचं म्हणाल तर ऑगस्टचं ठरवलंत की उलट पैसे वाचतात, तिसरीची परीक्षा झाली की चौथीची फी भरूच नका. दाखला आणि मार्कशीट इंग्रजीत घेऊन ठेवा पण मार्कांवर इथे इयत्ता ठरत नाही, जन्मवर्षावर ठरते, 1 जानेवारी ते 31 डिसेंबर. त्यामुळे धाकटा डिसेंबरातला असला तरी त्याच सप्टेंबरात ज्युनिअर किंडरगार्टनला जाऊ शकतो, चार पूर्ण व्हायच्या आधीच, आणि तेही पूर्ण दिवस. सक्ती नाहीये, शाळा सहाव्या वर्षापासून सक्तीची. पण पाठवा असं माझं मत आहे, वर्गात टीचरबरोबर लहान मुलांसाठी शिकलेली दुसरी बाई असते आणि दिवसभर खेळच असतो. त्याला एकच गोष्ट शिकवून आणा, स्वतःची चेन लावणं आणि कोट घालणं. इथली एक युक्ती आहे, कोट जमिनीवर उलगडून ठेवायचा, टोपीची बाजू आपल्या पायाकडे, वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि सगळा कोट डोक्यावरून मागे टाकायचा. वीस-पंचवीस पोरांना टीचर एकेक कोट घालत बसली तर रिसेस संपून जाईल, म्हणून ज्याला हे येतं त्याचं निम्मं काम झालं समजा.

शाळा घराच्या पत्त्यावरून मिळते, आपल्या मनावर नाही. म्हणून आधी घर. शक्य असेल तर तुमच्या मिस्टरांनी जुलैत पुढे येऊन घर बघावं, मात्र पीआरच्या, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या अर्जात मुख्य अर्जदार कोण आहे ते बघा, त्याच्या आधी बाकीच्यांना लँड होता येत नाही, म्हणजे पीआर म्हणून देशात उतरता येत नाही. ऑगस्टच्या शेवटी भाड्याच्या घरांवर झुंबड असते, कॉलेजची मुलंही तेव्हाच येतात. लीज करायच्या आधी इथल्या शाळा चालवणाऱ्या बोर्डाच्या वेबसाइटवर पत्ता टाकून शाळा कुठली येते ते बघून घ्या. उन्हाळ्यात शाळेची ऑफिसं बंद असतात, पण पील बोर्डाची, म्हणजे ब्रॅम्प्टनच्या भागातल्या शाळा बोर्डाची, वी वेलकम द वर्ल्ड सेंटर्स म्हणून आहेत, नवीन आलेल्या कुटुंबांसाठी, तिथे मुलांचं इंग्रजी आणि गणित किती येतं ते बघून शाळेला कळवतात. मुलीला सांगा की ही परीक्षा नाही, नापास कुणी करत नाही. इंग्रजीसाठी जास्तीची मदत मिळाली तर घ्या, आम्ही लाजेखातर नको म्हणालो होतो, चूक केली.

लसींचं मात्र आत्तापासून बघा, यात बरेच जण अडकतात. ऑन्टॅरिओत शाळेसाठी घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओ, गोवर, गालगुंड, रुबेला, मेनिंगोकॉकल आणि 2010 मध्ये किंवा नंतर जन्मलेल्या मुलांना कांजिण्या एवढ्या लसींची नोंद लागते. आपल्या सरकारी दवाखान्यात एमआर, म्हणजे गोवर-रुबेलाची लस देतात, त्यात गालगुंडाची नसते, आणि कांजिण्या, मेनिंगोकॉकल तर खाजगीतच घ्याव्या लागतात. नोंद आपणच पब्लिक हेल्थला, म्हणजे इथल्या आरोग्य खात्याला कळवायची, शाळा किंवा डॉक्टर आपोआप कळवतील असं समजू नका. नाहीतर आधी पत्रं येतात आणि मग मुलाला वीस दिवसांपर्यंत शाळेतून घरी बसवू शकतात.

डब्याचं. शेंगदाणा बंद! ॲलर्जीच्या मुलांमुळे बहुतेक शाळांत शेंगदाणे, काजू, बदाम काही चालत नाही, आणि आपल्या घरात कुटाशिवाय भाजी कुठली? मी पहिल्या आठवड्यात शेंगदाण्याची चटणी पोळीला लावून रोल दिला होता, दुपारी शाळेतून फोन. आता डब्याच्या भाजीत तीळ किंवा खोबरं घालते, पोह्यात दाणे नाहीत, साबुदाण्याची खिचडी फक्त शनिवार-रविवार. तिळाचंही आधी विचारून घ्या, काही मुलांना त्याचीही ॲलर्जी असते. बऱ्याच शाळांत एका मोठ्या सुट्टीऐवजी दोन ब्रेक असतात, खायला वीसेक मिनिटं मिळतात आणि मग बाहेर, थंडी अगदीच फार असली तरच आत ठेवतात. डबा शाळेत गरम करून मिळत नाही, चांगला थर्मास घ्या, सकाळी त्यात उकळतं पाणी दहा मिनिटं ठेवून मग वरणभात भरलात तर दुपारपर्यंत गरम राहतो.

वह्या-पुस्तकं जवळजवळ सगळी शाळाच देते, गणवेश बहुतेक सरकारी शाळांत नाही. हे ऐकायला बरं वाटतं पण मला तेव्हा फार चुकल्यासारखं झालं. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस पडायला लागायचा, नव्या पुस्तकांचा वास, रात्री बाबा खाकी कागदाची कव्हरं घालायचे, आम्ही नावाची लेबलं चिकटवायचो, शाळा सुरू होणं म्हणजे माझ्यासाठी ते होतं. इथे झाडांची पानं भरून ठेवायला खाकी कागदाच्या मोठ्या पिशव्या मिळतात, महापालिका त्याच उचलते, प्लॅस्टिकच्या नाही. एका ऑक्टोबरात पानं गोळा करता करता त्या कागदाचा वास आला आणि मी एक पिशवी आत घेऊन आले, कापली, मुलाच्या लायब्ररीच्या वहीला कव्हर घातलं. त्याला कळेना आईला काय झालं. नंतर दर वर्षी तोच पिशवी आणून द्यायचा.

आणि हा ऋतू. आपण याला शरद म्हणतो पण आपल्याकडे शरद म्हणजे कोजागिरी, मोकळं आभाळ, पानगळ आपल्याकडे शिशिरात. इथे दोन्ही एकदम येतं. सप्टेंबरात दुपारी टीशर्ट आणि सकाळी जॅकेट, ऑक्टोबरच्या सुरुवातीला मेपल असे पेटतात की गाडी चालवताना लक्ष जातं. पिवळा रंग म्हणे पानात आधीपासूनच असतो, हिरवा ओसरला की दिसायला लागतो, आणि लाल मात्र झाड त्या दिवसांत नव्याने तयार करतं, हे मुलाने तिसऱ्या वर्षी शाळेतून शिकून येऊन मला समजावलं होतं. क्रेडिट नदीत तेव्हा मोठे सॅल्मन प्रवाहाच्या उलटे चढत असतात, अंडी घालायला, मुलांना घेऊन नक्की जा, फुकट आहे, आणि तासन् तास उभं राहावंसं वाटतं.

शाळेतही या दोन महिन्यांत मुलांना हा देश कळतो. सप्टेंबरात टेरी फॉक्स रन असते, कर्करोगाने एक पाय गेलेला टेरी हा मुलगा 1980 मध्ये कृत्रिम पायावर 143 दिवस धावला होता, लहान पोरं त्याच्या नावाने नाणं घेऊन जातात आणि मैदानाला फेऱ्या मारतात. 30 सप्टेंबरला नारिंगी शर्ट घालतात, इथल्या मूळ लोकांच्या मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत कोंडलं होतं त्याची आठवण म्हणून. माझ्या मुलाने त्या रात्री विचारलं होतं की त्यांच्या आयांनी काय केलं असेल, मला उत्तर देता आलं नाही, नुसती जवळ घेऊन बसले. मग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी थँक्सगिव्हिंग, शेवटी हॅलोविन. नोव्हेंबरात याल तर मुलांचं हे सगळंच हुकतं, आणि वर्गात बाकीच्यांच्या बोलण्यात तेच असतं.

पहिलं प्रगतिपत्रक नोव्हेंबरात येतं, त्यात ग्रेड नसतात, मुलाची प्रगती कशी चालू आहे एवढंच असतं. पहिला नंबर, दुसरा नंबर असलं काही नाही. तेव्हा टीचरशी भेटायला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तिथे अभ्यासाचं नंतर विचारा, आधी विचारा की रिसेसला ती कुणाबरोबर असते.

माझा मुलगा या सप्टेंबरात बारावीला गेला. त्याने फोटो काढू दिला नाही, मी खिडकीतून बघत राहिले, आता पुढच्या सप्टेंबरला कुठल्या गावात असेल माहीत नाही.

अगदीच ऑगस्ट जमलं नाही तर नोव्हेंबरपेक्षा जानेवारी बरा, नाताळची सुट्टी संपून वर्ग पुन्हा सुरू होतो तेव्हा या, थंडी कडाक्याची पण दिवस मोठा व्हायला लागलेला असतो. पण पीआरच्या कागदांवरची देशात उतरायची शेवटची तारीख आधी बघा, तिच्यापुढे काही चालत नाही.

थंडीचे कपडे नाशकात घेऊ नका, उपयोग होत नाही, इथे आल्यावर ऑक्टोबरच्या आत स्नोपँट आणि बूट घ्या, उशीर केला की मुलांचे साइज संपतात. प्रत्येक वस्तूवर आत नाव लिहा, मोज्यांवरसुद्धा. आत घालायचे बूट वेगळे, पहिल्या दिवसापासून दप्तरात. लसींचं कार्ड आणि जन्मदाखले हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये टाकू नका. आणि सासूबाईंना सांगा की चकल्यांचा डबा पार्सलने चालेल, आम्हाला दर वर्षी तसाच येतो.