घरातल्या जुन्या कपड्यांतूनच गरोदरपणाचे कपडे शिवता येतील का? यंत्रावर मला सरळ टीप तेवढी येते. आता पाचवा महिना चालू आहे.

येतील. आणि सरळ टीप पुरेल. तुम्ही लिहिलंय की आता पाचवा चालू आहे, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 च्या वर असताना तुम्ही आठव्यात असाल. तेव्हा सुती सोडून अंगावर काही ठेववत नाही. माझं बाळंतपण जूनमधलं, त्यामुळे अख्खा नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, पोट घेऊन काढलाय.

बहुतेक जणी दोन साइझ मोठा कुर्ता आणतात. पोट वाढतं, छाती भरते, पण खांदे आहेत तेवढेच राहतात. मग गळा घसरतो, मुंढा (बाही जोडतात तो भाग) खाली लोंबतो आणि माणूस उगाच अजून जाड दिसतो. त्यापेक्षा खांद्यात नीट बसणारा आपलाच कुर्ता घ्या आणि फक्त बाजू उसवा. आधी आतली माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, बघा. शिंप्याने इंचभर सोडली असेल तर काही आठवडे तेवढ्यावरच निघतात.

पुढे कळी लागते, म्हणजे बाजूच्या शिवणीत जोडायची, वर निमुळती आणि खाली रुंद अशी पट्टी. ती जुन्या सुती ओढणीतून काढा. उसवताना काखेत थांबू नका, बाहीची खालची शिवणही तीन-चार इंच उसवा. मुंढ्याची शिवण मात्र तशीच ठेवा. कळीचं टोक त्या बाहीत जाऊ द्या, म्हणजे काखेशी तिची रुंदी दीड इंच, पोटाशी चार आणि खाली घेराला सहा-सात येते. शिवणीची माया याहून वेगळी धरा. टोक काखेतच संपवलं तर पोटाला जागा होते, पण छातीवर कुर्ता ताणलेलाच राहतो. मी पहिल्या कुर्त्याला हेच केलं आणि दोन्ही बाजू पुन्हा उसवत बसले. कापड आधी उजेडासमोर धरून बघा. काखेत विरलेलं असेल तर तो कुर्ता सोडा, नव्या शिवणीच्या शेजारीच फाटेल.

पोट पुढे आलं की कुर्ता समोरून दोनेक इंच वर उचलला जातो. उरलेल्या ओढणीची पट्टी खाली लावून टाका.

जीन्सच्या नादी लागू नका. मी लागले होते. कंबर कापून जुन्या टी-शर्टचा पट्टा जोडला, पण कापड उभं धरलं. टी-शर्ट ताणतो तो आडवा, त्यामुळे ती जीन्स मांडीच्या वर चढलीच नाही. शिवाय ताणणाऱ्या कापडावरची सरळ टीप बसता-उठता तटतट तुटते. सलवार आहे ना? नाडी पोटाखाली सैल बांधायची, विषय संपला.

खरा खजिना म्हणजे आजीचं जुनं सुती लुगडं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं असतं की बाजारात तसं कापड मिळणारच नाही. नऊवारीत दोन गाऊन सहज निघतात. कात्री फक्त काठाला लावायची, पुढे हाताने फाडलं की धाग्यावर सरळ फाटत जातं. तो आवाज ऐकून माझी आई स्वयंपाकघरातून धावत आली, "काहून फाडून राहिली व चांगलं लुगडं?" संध्याकाळी तिनेच काठाची गळ्याला पट्टी लावून दिली.

गाऊन शिवताना पाजायची सोय आत्ताच करून ठेवा, नंतर यंत्रापाशी बसायला कोण वेळ देतंय! छातीवर दोन्ही बाजूंना उभी आठ इंची चेन लावा आणि तिच्या मागे सुती पट्टी, म्हणजे अंगाला टोचत नाही. चेन, टिचबटणं इतवारीच्या बाजारात एकदाच घेऊन या, तेही सकाळी. चेन लावायची भीती वाटत असेल तर नवऱ्याचे जुने सुती शर्ट आहेतच. कॉलर उसवून फक्त खालची पट्टी ठेवा. समोर बटणं तयारच असतात.

डोहाळजेवणाच्या ब्लाउजलाही हीच काखेतली कळी लावा, पदराखाली कुणाला दिसते!

एक नागपुरी अडचण सांगते. कूलरसमोर शिवायला बसलात तर ओढणी उडून सुईखाली जाते. कूलर बंद केला तर घामाने कापड हाताला चिकटतं. मी सकाळी नऊच्या आत शिवणकाम उरकायचे. आणि कूलरच्या खोलीत यंत्र असेल तर रात्री सुई काढून तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवा. दमट हवेने माझ्या सुईला गंज चढला होता आणि पांढऱ्या गाऊनवर टिपेच्या कडेकडेने तांबूस ठिपके उमटले. ते अजून गेलेले नाहीत, गाऊन मात्र मी अजून घालते.