मशीन रूममधून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पोरानं मोबाइलवर ‘मंजुम्मेल बॉइज’ हा मल्याळम सिनेमा हिंदीत लावून दिला. दोस्ताला काढायला दोरानं खाली उतरतो तो नट ‘प्रेमम’मधला पीटीचा मास्तरच ना? हसवणाऱ्याला असा जिवावरचा रोल कसा काय दिला? कुणी पैलवान गडी मिळाला नाही का?
– एक वाचक, सेलू

उत्तर : तोच तो, दादा. सौबिन शाहीर. नावात शाहीर असला तरी डफाशी संबंध नाही, कोचीकडचा माणूस. आधी कितीतरी वर्षं सहायक दिग्दर्शक म्हणून राबला, मग 2015च्या ‘प्रेमम’मधल्या मास्तरनं त्याला घरोघरी नेलं. 2017 मध्ये कबुतरं उडवणाऱ्या पोरांवर ‘परवा’ नावाचा सिनेमा त्यानं स्वतः दिग्दर्शित केला. 2018च्या ‘सुदानी फ्रॉम नायजेरिया’त फुटबॉल क्लबचा फाटका मॅनेजर केला आणि केरळ सरकारचा उत्तम नटाचा पुरस्कार घेतला. म्हणजे ‘नुसता हसवणारा’ हा शिक्का आपल्याकडं राहिला, तिकडं तो कधीच पुसला गेला होता.

आता पैलवानाचं. मी परभणीत अठ्ठावीस वर्षं थिएटरात सिनेमाची मशीन चालवली. भोकातून पडदा कमी अन् पब्लिक जास्त दिसायचं. पिळदार हीरो दोर धरून खाली निघाला की पब्लिक शिट्टी मारतं, कारण तो वर येणार हे तिकिटातच धरलेलं असतं. सौबिनच्या बाबतीत तसं धरता येत नाही. पोट थोडं सुटलेलं, दाढी वाढलेली, चेहरा उधारी मागायला आल्यासारखा. हा वर नाही आला तर, असं वाटतं. खेळ तिथंच जमतो.

गोष्ट खरी आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. 2006 मध्ये कोचीजवळच्या मंजुम्मेलची पोरं कोडाईकनालला गेली, कुंपण ओलांडून गुणा गुहेत शिरली आणि एक जण खोल फटीत पडला. काढायला त्याचा दोस्तच उतरला. दिग्दर्शक चिदंबरमनं सुरुवातीलाच या पोरांची रस्सीखेच दाखवलीय, अन् त्यात ती हरतात. पुढं दोर ओढायची वेळ येते तेव्हा ती हार आठवते. पावसाचं पाणी फटीत जाऊ नये म्हणून पोरं आडवी पडून अंगानं बांध घालतात, तिथं तर मी चहा खाली ठेवला.

आमच्या गावी 1983च्या उन्हाळ्यात सात परस खोल विहिरीचा गाळ काढताना दरड ढासळली. एक गडी कमरेपर्यंत गाडला गेला. तालमीतले चौघं काठावर ‘आता कसं, आता कसं’ करत उभे. उतरला तो गावचा नकल्या, लग्नात विहिणींचे आवाज काढणारा. एरवी त्याचं तोंड घटकाभर बंद राहायचं नाही. त्या दिवशी चऱ्हाट कमरेला बांधून घेताना गाठ दोनदा ओढून पाहिली, अन् चकार शब्द काढला नाही. गड्याला वर काढल्यावर बिडी मागितली. तीन काड्या विझल्या, हात थरथरत होते. मग म्हणाला, “खाली लई गार हाय. उन्हाळा तिथंच काढावा म्हन्तो.”

सौबिन उतरतो तेव्हा तेच बघा. पडद्यावर बडबड्या माणूस गप्प झाला की भीती सांगावी लागत नाही. तो प्रसंग हिंदीतही बिघडला नाही, कारण तिथं डबिंगवाल्याला फारसं काम नाही. ‘सुदानी’ मात्र डब करून बघू नका. मूळ मल्याळममध्येच लावून घ्या, खालच्या ओळी पोराला वाचून दाखवायला सांगा. त्याचा विनोद शब्दांत कमी, दोन शब्दांच्या मधे जास्त असतो, आणि डबिंगवाले नेमकी तीच जागा भरून टाकतात.